पाहणाऱ्याचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी जमतो, ते आणि त्यांच्या पिढीतले लोक निजामाच्या हैदराबाद संस्थानात वाढले. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी, असा दंडक ‘गश्ती निशाण ५३’ या फर्मानाने त्या राज्यात घातला होता. खाजगी शाळा, वाचनालयं यांच्यावरही सरकारचा डोळा असे. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. प्रत्येक वेळी कारण एकच सांगितलं जाई, सार्वजनिक शांततेचं. आणि पुढे १९४७-४८ मध्ये रझाकारांनी गावंच्या गावं हैराण केली, तेव्हा सगळ्यांवर नजर ठेवणारं हे राज्य आपल्या रयतेच्या रक्षणाला आलं नाही. जितकी जास्त नजर तितकी जास्त सुरक्षा, हे समीकरण याच मातीत एकदा खोटं ठरलं आहे. आजच्या विषयाकडे वळताना एवढा इतिहास आपल्या गाठीशी असू द्यावा.

आजचं राज्य लोकांनी निवडलेलं आहे, त्याला राज्यघटनेचं बंधन आहे. त्यामुळे निजामाशी तुलना करून टाळ्या घेण्याचा माझा हेतू नाही. माझा प्रश्न साधा आहे. २०१६ साली आपलं शहर, तेव्हाचं औरंगाबाद, स्मार्ट सिटी योजनेत निवडलं गेलं. त्या योजनेतून चौकाचौकांत सुमारे सातशे कॅमेरे लागले आणि त्यांची दृश्यं पाहणारा नियंत्रण कक्ष पोलीस आयुक्तालयात उभा राहिला. आता क्रांती चौकातून, शहागंजातून, टीव्ही सेंटरवरून जाणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या पडद्यावर उमटतो. त्या चित्रणाचं पुढे काय होतं? ते कोण पाहतं, किती दिवस ठेवतं, कोणाला देतं, आणि या सगळ्याची नोंद कुठे असते?

आधी कॅमेऱ्याच्या बाजूचं बोलू, कारण ती बाजू खोटी नाही. भरदिवसा गळ्यातलं मंगळसूत्र हिसकावलं गेलेल्या बाईला गोपनीयतेवरचं व्याख्यान नको असतं, चोर सापडायला हवा असतो. धडक देऊन पळालेल्या गाडीचा नंबर, गर्दीत हरवलेलं मूल, बसस्थानकावरून दिसेनाशी झालेली मुलगी, या सगळ्या तपासांत आज चित्रण हाच पहिला धागा असतो. या शहराने मे २०१८ मध्ये शहागंज-राजाबाजार भागातली जाळपोळ पाहिली, मार्च २०२३ मध्ये किराडपुऱ्यात पोलिसांची वाहनं जळताना पाहिली. अशा रात्रीनंतर निरपराधांची धरपकड टाळायची असेल तरी चित्रणच उपयोगी पडतं. ज्याच्यावर खोटा आळ आला त्याला तेच सोडवू शकतं.

पण कॅमेऱ्याकडून किती अपेक्षा ठेवावी, याचाही अभ्यास झालेला आहे. वेगवेगळ्या देशांतल्या चाळीस वर्षांच्या पाहण्या एकत्र करून २०१९ मध्ये काही गुन्हेशास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला की कॅमेरे लावलेल्या जागी गुन्हे सरासरी १३ टक्क्यांनी कमी होतात. सर्वांत जास्त फरक वाहनतळांवर पडतो. हिंसक गुन्ह्यांवर म्हणण्यासारखा परिणाम दिसत नाही. म्हणजे मोटारसायकल चोरणारा कॅमेरा पाहून बिचकतो, माथं भडकलेला जमाव बिचकत नाही. गुन्हा घडून गेल्यावर पुरावा मिळवणं हे कॅमेऱ्याचं खरं काम. म्हणून पुढचा प्रश्न असा, की हा पुरावा न्यायालयात टिकतो का?

या प्रश्नाचं उत्तर देशाला मिळालं ते आपल्या मराठवाड्यातल्या एका खटल्यातून. २०१४ची विधानसभा निवडणूक, मतदारसंघ जालना. उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस २७ सप्टेंबर, वेळ दुपारी ३ पर्यंत. निवडणुकीत शिवसेनेचे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि काँग्रेसचे कैलास गोरंट्याल हरले. गोरंट्याल औरंगाबाद खंडपीठात गेले. त्यांचं म्हणणं असं की खोतकरांचा अर्ज तीन वाजून गेल्यानंतर दाखल झाला, आणि हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या सरकारी चित्रीकरणात दिसतं. त्या चित्रीकरणाच्या सीडी त्यांना मिळाल्या. पण कायद्याला नुसती सीडी पुरत नाही. ही प्रत कोणत्या यंत्रातून काढली, ते यंत्र त्या वेळी नीट चालत होतं का, हे सांगणारं जबाबदार अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. भारतीय पुरावा कायद्याचं ते कलम ६५-ब. वारंवार मागूनही हे प्रमाणपत्र मिळालं नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. अधिकाऱ्यांच्या उलटतपासणीतून जे बाहेर आलं त्यावर प्रमाणपत्राची गरज भागते, असं खंडपीठाचं मत होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर गोष्ट वेगळी, पण प्रत दाखवायची असेल तर प्रमाणपत्र लागेलच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्याने प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं, त्याला अधिकाऱ्यांच्या आडमुठेपणाची शिक्षा देता येणार नाही. चित्रणाखेरीज इतरही पुरावा असल्याने निवडणूक रद्द करण्याचा निर्णय कायम राहिला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती आणि २०१९च्या निवडणुकीत गोरंट्याल निवडूनही आले होते. आज देशातल्या कोणत्याही न्यायालयात कॅमेऱ्याच्या पुराव्यावर वाद झाला की वकील हा जालन्याचा निकाल पुढे ठेवतात.

या खटल्यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की इथे कॅमेरा सत्तेच्या खोलीत लावलेला होता. त्याने सामान्य नागरिकाला न पाहता निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं टेबल पाहिलं. आणि नेमकं तेव्हाच प्रमाणपत्र देताना सरकारी यंत्रणेचा हात आखडला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची, आणि आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचं आहे त्याचं सार तीच आहे. चित्रण कोणी काढलं, कोणाच्या ताब्यात होतं, त्यात फेरफार झाला नाही हे कोण सांगतं, या नोंदी पुरावा टिकावा म्हणून लागतात. नागरिकाच्या गोपनीयतेचं रक्षण करायचं तरी अगदी याच नोंदी लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने तर प्रमाणपत्रात फाइलची ‘हॅश’ किंमत लिहिणं आणि तज्ज्ञाची सही घेणं सक्तीचं केलं आहे. एक अक्षर बदललं तरी ती किंमत बदलते, म्हणून फेरफार लपत नाही. कोणीही यावं आणि पेन ड्राइव्हवर दृश्य उतरवून न्यावं, अशी जिथे मोकळीक आहे, तिथे आरोपीचा वकील पुराव्यावर संशय घेईल आणि रस्त्यावरून गेलेल्या मुलीचं चित्रण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल. ढिलाई एकच, तिचे तोटे दोन्हीकडे. म्हणून सुरक्षा एका पारड्यात आणि गोपनीयता दुसऱ्या पारड्यात टाकून तोलत बसण्याची आपली सवय मला चुकीची वाटते. शिस्तीने पाहणारी व्यवस्था दोन्ही राखते आणि बेशिस्त व्यवस्था दोन्ही गमावते.

आता यंत्राच्या चुकांविषयी. १३ फेब्रुवारी २०१० रोजी पुण्याच्या जर्मन बेकरीत स्फोट झाला. बेकरीतल्या कॅमेऱ्यात पाठीवर पिशवी घेतलेला एक माणूस दिसत होता. त्याच वर्षी मे महिन्यात मंगळूरच्या विमानतळावर एका तरुणाला अटक झाली आणि चित्रणात दिसणारा माणूस हाच, असं देशभर सांगितलं गेलं. पुढे स्फोटाच्या खटल्यात त्याच्यावर आरोपपत्रही आलं नाही. त्या वेळी चेहरा ओळखण्याचं काम माणसांच्या डोळ्यांनी केलं होतं. आता ते यंत्राकडे चाललं आहे. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलं की चेहरा ८० टक्के जुळला तर ते ती ओळख पटली असं धरतात. ८०च का, याचं उत्तर कायद्यात नाही, कारण असा कायदाच नाही.

थोडा हिशेब करून पाहू. धरून चालू की एका चौकातून दिवसाला ५० हजार चेहरे जातात आणि यंत्र हजारात फक्त एकदा चुकतं. तरी रोज पन्नास निरपराध माणसं संशयित ठरतील. खरा गुन्हेगार त्या दिवशी चौकातून गेलाच नसेल तर पन्नासच्या पन्नास चुकीचे. शिवाय या चुका सगळ्यांच्या वाट्याला सारख्या येत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या २०१८च्या अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी व्यापारी सॉफ्टवेअरं तपासली, तेव्हा सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चुकांचं प्रमाण ३४ टक्क्यांपर्यंत गेलेलं आढळलं, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ते एक टक्क्याच्याही आत होतं. आपल्या मातीतली माणसं यांतल्या कोणत्या गटाच्या जवळ आहेत, हे सांगायला नको.

चूक कोणाच्या वाट्याला येते हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. पारधी, कैकाडी, उचल्या, किती नावं सांगावीत! पोलिसांकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे. सोलापूरला तर काटेरी तारांच्या आत वसाहत होती. १९५२ साली कायदा गेला, या जमाती विमुक्त झाल्या, पण पोलीस ठाण्याच्या वहीतली नावं तशीच राहिली. गावात चोरी झाली की आधी पालावर धाड, हा अनुभव लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’त लिहिला, आणि ते आपल्याच लातूर जिल्ह्याचे. सर्वोच्च न्यायालयाला मे २०२४ मध्ये पोलिसांना सांगावं लागलं की ‘हिस्ट्रीशीट’ उघडताना मागास, अनुसूचित आणि विमुक्त समाजातल्या निरपराधांची नावं यांत्रिकपणे चढवू नका. तीच जुनी वही आता संगणकात भरली आणि कॅमेऱ्याला जोडली तर काय होईल? पूर्वीच्या शिपायाचा पूर्वग्रह यंत्रात शिरेल आणि यंत्र बोललं म्हणून तो शास्त्रीय ठरेल. शंभर वर्षांपूर्वीचा कायदा बदलून आणलेल्या २०२२च्या गुन्हेगारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बुबुळं, डोळ्यांचे पडदे, ठसे अशी मोजमापं ७५ वर्षं ठेवण्याची मुभा दिली आहे. म्हणजे माणूस गेला तरी संशय शिल्लक!

आपल्या न्यायालयांनी या बाबतीत काय म्हटलं आहे ते थोडक्यात सांगतो. उत्तर प्रदेशातला खडक सिंग दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता, तरी पोलीस रात्री-बेरात्री त्याचं दार ठोठावत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं मानलं नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळं मत नोंदवलं. बहुमताची ती भूमिका मागे टाकायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्यात हस्तक्षेप करायच्या कसोट्या घालून दिल्या. त्यासाठी कायदा हवा, हेतू योग्य हवा, आणि हेतूला जेवढा लागतो तेवढाच हस्तक्षेप हवा. या कसोट्या केवळ पुस्तकात राहिल्या नाहीत. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले. लाचेचा आरोप गंभीर आहे, पण फोन ऐकण्यासाठी कायदा सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षा मागतो आणि इथे त्यांतलं काहीच नव्हतं, असं म्हणून न्यायालयाने ती ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली.

फोनसाठी निदान असे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालापासून गृहसचिवांचा लेखी आदेश, ठरावीक मुदत आणि आढावा समिती लागते. चौकातल्या कॅमेऱ्याला यांतलं काही लागत नाही. त्याच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा नाही. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, पण त्यात गुन्ह्याच्या तपासाला आणि प्रतिबंधाला सवलत आहे आणि केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्याबाहेर ठेवू शकतं. इकडे तंत्र थांबलेलं नाही. २०२४ मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं तयार करायला नागपुरात ‘मार्व्हल’ नावाची कंपनी काढली. कंपनी आधी आली, कायद्याची वाट आपण अजून पाहत आहोत.

ब्रिटनमध्ये चेहरा ओळखणारे कॅमेरे वापरणाऱ्या साउथ वेल्स पोलिसांविरुद्ध एक नागरिक न्यायालयात गेला. ऑगस्ट २०२० मध्ये अपील न्यायालयाने तो वापर बेकायदा ठरवला. कारण लक्षात घेण्यासारखं आहे. यादीत कोणाचं नाव घालायचं आणि कॅमेरा कुठे लावायचा, हे सगळं पोलिसांच्या मर्जीवर सोडलं होतं. तंत्रज्ञान वाईट आहे असं न्यायालय म्हणालं नाही, त्याचा आक्षेप मर्जीला होता. युरोपीय संघाने २०२४च्या कायद्याने सार्वजनिक जागी तत्काळ चेहरा ओळखण्यावर पोलिसांना मोजके अपवाद सोडून बंदी घातली. आपल्याकडे, ज्या हैदराबादशी आपलं नातं जुनं आहे, तिथल्या एका कार्यकर्त्याला २०२१ मध्ये पोलिसांनी रस्त्यात अडवून मास्क काढायला लावला आणि त्याचा फोटो घेतला. तो का घेतला आणि कुठे जाणार, हे विचारत तो तेलंगणा उच्च न्यायालयात गेला. हा प्रश्न विचारायला आपल्यापैकी कोणीही उभा राहू शकतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो. ज्याने काही केलं नाही त्याने घाबरायचं कशाला? असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुम्ही कोणत्या डॉक्टरकडे जाता, कोणत्या वकिलाच्या पायऱ्या चढता, मुलीचं लग्न ठरवायला कोणाच्या घरी जाता, हे गावाला कळावं असं वाटतं का? यात गुन्हा काहीच नाही, तरी आपण घराला दार लावतोच. शिवाय पाहणारा नेहमी पोलीसच असतो असंही नाही. शहरातले बहुतेक कॅमेरे दुकानांचे, दवाखान्यांचे, सोसायट्यांचे असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीची दृश्यं टेलिग्रामवर विकली जात असल्याचं उघड झालं. त्या प्रकरणी अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. कॅमेरे लावणाऱ्यांनी मूळ पासवर्डही बदलले नव्हते. बाळंतिणीच्या सुरक्षेसाठी म्हणून लावलेला कॅमेराच तिच्यावर उलटला.

सत्तेकडे वळलेल्या कॅमेऱ्यांचं काय झालं तेही पाहायला हवं. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीत, व्हरांड्यात, येण्या-जाण्याच्या दारावर कॅमेरे लावायला सांगितले. चित्रण १८ महिने ठेवायचं, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष. कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार आली तर ते चित्रण मागायचा हक्क नागरिकाला आहे. चौकातला कॅमेरा सुरू आहे की नाही याची जेवढी चौकशी होते, तेवढी कोठडीतल्या कॅमेऱ्याची होते का? कोणत्याही शहराची सुरक्षा-व्यवस्था प्रामाणिक आहे की नाही, हे मी या एका प्रश्नावर ठरवेन.

शेवटी मागणं. महापालिका, स्मार्ट सिटी आणि पोलीस आयुक्तालय यांनी मिळून एक लेखी धोरण करावं आणि ते मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजीत जाहीर करावं. कॅमेरे कुठे आहेत, चित्रण किती दिवस राहतं आणि नंतर पुसलं जातं की नाही, हे त्यात असावं. तपासात लागलेलं चित्रण तेवढं ठेवावं, उरलेलं ठरल्या दिवशी पुसावं. नियंत्रण कक्षात कोणी, कधी, कोणाच्या आदेशाने चित्रण पाहिलं किंवा उतरवलं, याची आपोआप होणारी आणि खोडता न येणारी नोंद असावी. ती नोंद पोलिसांबाहेरच्या कोणीतरी, उदाहरणार्थ निवृत्त न्यायाधीशाने, दर सहा महिन्यांनी तपासावी. विधिमंडळ कायदा करेपर्यंत चेहरा ओळखणारी यंत्रणा चौकात सुरू करू नये. दरवर्षी एक अहवाल निघावा, आणि किती गुन्ह्यांत चित्रण न्यायालयापर्यंत पोचलं, किती ठिकाणी ते टिकलं, किती कॅमेरे किती दिवस बंद होते, हे त्यात असावं. यांतल्या एकाही गोष्टीने पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. उलट जालन्यासारखा प्रसंग आला तर प्रमाणपत्र तयार असेल.

आणि आपण नागरिकांनी? आपल्या दारावरचा कॅमेरा शेजाऱ्याच्या खिडकीत पाहतो का ते आज घरी गेल्यावर बघावं, पासवर्ड बदलावा, कोणाचंही चित्रण ग्रुपवर टाकू नये. माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे, तो वापरून वरचे प्रश्न आयुक्तालयाला आणि महापालिकेला लेखी विचारावेत. मागच्या पिढीने परवानगीशिवाय सभा घेण्यासाठी तुरुंगवास भोगला. आपल्याला त्यापेक्षा फार सोपं काम करायचं आहे, एक अर्ज लिहायचा आणि उत्तर मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही. तेवढं आपण करावं, ही विनंती करून थांबतो.